भूल दिल्यावर जवळ कोण बसतं?

१२ नोव्हेंबर

मुलचेऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुखणं कधी उठतं, किती वेळ राहतं, त्याआधी काय खाल्लं होतं, ते लिहून ठेव. म्हणून ही वही. पहिल्या पानावर नाव लिहिलं: खुशबू वामनराव उंदिरवाडे, शाखा डाकपाल. मग डाकपाल खोडलं. दुखणं पोस्टाचं नाही, माझं आहे.

आज दुपारी बारा वाजता, उजव्या बरगडीखाली. आधी खाल्लेलं: वांग्याची भाजी, तेल जास्त. दीड तास.

सिकलसेलचं दुखणं मी दहा वर्षांची असल्यापासून ओळखते. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि हातापायांची हाडं आतून ठणकतात. हे तसं नाही. हे एकाच जागी मूठ आवळल्यासारखं, आणि मागे खांद्यापर्यंत जाणारं.

मी काउंटरखाली वाकून बसले होते. प्रफुलने खिडकी लावून घेतली आणि बाहेरच्या लोकांना सांगितलं, "नेटवर्क नाई." नेटवर्क होतं.

१५ नोव्हेंबर

पुन्हा. सकाळी साडेदहा. काही खाल्लं नव्हतं. दोनदा उलटी.

प्रफुल म्हणाला, "मॅडम, तुमचे डोळे पिवळे दिसून राह्यले." प्रफुल माझ्या ऑफिसात टपाल वाटतो. पहिल्या दिवशी मी त्याला प्रफुलभाऊ म्हटलं, तर म्हणाला, मी तुमच्याहून लहान आहे, भाऊ नका म्हणू. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. त्याच्या फॉर्मवर जन्मतारीख मी स्वतः बघितली आहे. माणूस कशासाठी खोटं बोलेल सांगता येत नाही.

१९ नोव्हेंबर

गडचिरोलीला सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे आहेत, बरेच. सर्जन म्हणाले, सिकलसेलच्या लोकांना हे होतंच. लाल पेशी लवकर फुटतात, त्यांचा रंग पित्तात साचतो आणि त्याचे खडे बनतात. एखादा खडा नळीत अडकला तर काविळीवर भागणार नाही. पित्ताशय काढायला हवं. दुर्बिणीतून होईल, पोटाला चार लहान भोकं, आणि पूर्ण भूल.

"पूर्ण भूल" हे शब्द ऐकले आणि आई खुर्चीतून उठली.

"नाई," म्हणाली. एवढंच. बाबा तिच्या मागे, मी बाबांच्या मागे. सर्जन हातात फिल्म धरून उभेच राहिले.

परतीची बस पकडली. चामोर्शीला बाबांनी संत्री घेतली. आईने सोलून मला दिली, स्वतः एक फोड खाल्ली नाही.

२१ नोव्हेंबर

आईवर रागावले आणि नको ते बोलून बसले. पोट माझं आहे, सही मी करते, मी पंचवीस वर्षांची आहे, म्हटलं. आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "डिंपल तेराचीच होती."

डिंपल माझी मोठी बहीण. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिचं पोट दुखत होतं, ताप होता. एका खासगी दवाखान्यात नेलं; त्या गावाचं नाव आई घेत नाही. अपेंडिक्स म्हणाले, भूल दिली, ऑपरेशन झालं आणि डिंपल उठलीच नाही. पुढच्या वर्षी आमच्या शाळेत रक्ततपासणीची गाडी आली, तेव्हा मला सिकलसेल निघाला.

घरात डिंपलचा एकही फोटो लावलेला नाही. मला वाटायचं, आई तिला विसरली आहे, किंवा विसरायचं ठरवून बसली आहे.

"त्यायनं लेकराले निजवलं आन् सोडून देल्लं," आई म्हणाली. "दार लावून देल्लं. आत कोन होतं का नवतं, कोनाले मालूम!"

२४ नोव्हेंबर

दोन दिवस मुलचेऱ्याच्या दवाखान्यात. ताप, कावीळ, सलाईन. लिहायची ताकद नाही. आता पुन्हा झालं तर सरळ मोठ्या दवाखान्यात न्या, वाट बघू नका, असं डॉक्टरांनी बाबांना बजावलं.

काल घरी आले, तेव्हापासून आई माझ्याच खोलीत आहे. आज पहाटे जाग आली तर ती माझ्या नाकासमोर हात धरून उभी होती. म्हटलं, काय करते? म्हणाली, "डास होते." थंडीत कुठले डास!

२७ नोव्हेंबर

बाबा सहसा घरात मत देत नाहीत. आज धानाच्या मळणीवरून आले, पाय धुतले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मनकर्णा, ऑपरेशन करायचं का नाई ते मंग पाहू. पन भूल देनाऱ्या डॉक्टरचं ऐकून तं घेऊ. आयकायले काय जाते?"

आई म्हणाली, "आयकीन. सही नाई करन."

सही तिची लागतच नाही. पण तिच्याशिवाय मी त्या दारातून आत जाणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

१ डिसेंबर

आजचं सगळं लिहून ठेवायलाच हवं.

भूलतज्ज्ञ म्हणजे कोणी टक्कल पडलेला गंभीर माणूस असेल, असं धरून मी गेले होते. निघाल्या डॉ. भानारकर, पस्तिशीच्या, वडशाकडच्या. वडील तळ्यावर मासे धरायचे. आईची बोली ऐकली तशा त्याही त्याच बोलीवर आल्या.

आधी मला प्रश्न. तोंड उघड, आणखी उघड. मान मागे कर. दात हलतो का? दोन मजले चढल्यावर दम लागतो का? कुठल्या गोळीने अंगावर पुरळ उठतं का? खर्रा, तंबाखू खातेस का? (आईने माझ्याकडे असं बघितलं की खात असते तर तिथेच सुटला असता.) शेवटी विचारलं, "घरात कोणाले भुलीचा त्रास झाला होता का?"

आईने सांगितलं. मला वाटलं, डॉक्टर म्हणतील, जुन्या गोष्टी सोडा, आता विज्ञान पुढे गेलंय. सगळे हेच म्हणतात. त्यांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, हे तुमी मले सांगतलं नसतं तं माझी मोठी चूक झाली असती. तिचा काही कागद आहे का?"

आई म्हणाली, नाही. कधीचा जाळला.

मग मी माझे प्रश्न काढले. चिठ्ठीवर लिहून नेले होते. भूल म्हणजे झोप का? त्या म्हणाल्या, लोक तसं म्हणतात, मीही म्हणते, पण ती झोप नाही. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. भुलीत मेंदूचे भाग एकमेकांशी बोलायचे थांबतात. पोटावर चिरा पडला तर निरोप मज्जातंतूंवरून निघतो, पण घेणारं कोणी नसतं.

"म्हणजे टपाल निघतं, पण ऑफिस बंद असतं," मी म्हटलं.

"बरोबर. आणि दुखण्याचं औषध मी वेगळं देते, म्हणजे टपालही फार निघू नये. तिसरं औषध स्नायू सैल करायला. त्याने श्वासाचे स्नायूही सैल पडतात, म्हणून घशातून श्वासनळीत एक नळी घालते आणि मशीन तुझ्यासाठी श्वास घेतं. नळी घालताना तुला कळणार नाही. नंतर दोन दिवस घसा खवखवेल."

ही औषधं मेंदूत नेमकं काय करतात, ते सगळं कळलंय का? त्या हसल्या. बरंच कळलंय, सगळं नाही, म्हणाल्या. पण किती द्यायचं, कसं मोजायचं आणि कधी थांबवायचं, ते पक्कं ठाऊक आहे. देणं थांबवलं की शरीर औषध बाहेर टाकतं आणि माणूस उठतो.

मध्येच जाग आली तर? फार क्वचित येते, आणि तसं होऊ नये म्हणून श्वासातलं औषध मशीन सतत मोजून दाखवतं. मी उठणार नाही, असं होईल का? त्या लगेच नाही म्हणाल्या नाहीत, म्हणून माझा विश्वास बसला. "धोका शून्य नाही. तुझ्या रक्तामुळे दुसऱ्यांपेक्षा थोडा जास्त. पण न करता खडा अडकला आणि तापात घाईघाईने करावं लागलं, तर आजच्या कितीतरी पट जास्त. तुझ्या पेशींचे शत्रू मला माहीत आहेत. थंडी, तहान आणि प्राणवायूची कमी. त्या तिघांनाही मी आत येऊ देणार नाही."

आईने पिशवी उचलली. उठता उठता म्हणाली, "भूल देल्यावर तिच्याजवळ कोन बसते?"

"मी."

"मंग तुमी दुसऱ्या पेशंटकडं जाता."

"नाई मावशी. भूल देल्यापासून ते ही डोळे उघडून माझ्याशी बोलेपर्यंत मी तिच्या डोक्याशी असते. सर्जन पोटाकडे पाहतात. मी फक्त तिच्याकडे पाहते. तेच माझं काम. चहाले बी जात नाई."

आईने चप्पल पायात सरकवली. मग म्हणाली, "चला, बस चुकते." बसला अजून तास होता.

३ डिसेंबर

आईने आज धान ठेवायच्या कोठीमागून पत्र्याची पेटी ओढली. तळाशी पिशवी, पिशवीत पिशवी, त्यात कागद. डिंपलचा. जाळला नव्हता. डिंपलची निळी रिबनही त्यात होती. ती आईने मला बघू न देता परत ठेवली.

"उद्या घेऊन जाऊ," म्हणाली.

४ डिसेंबर

डॉ. भानारकरांनी कागद दोनदा वाचला. एकदा भरभर, एकदा बोट ठेवून. मग आईजवळ खुर्ची ओढून बसल्या.

कागदावर होतं, तीन दिवस ताप, उलट्या, रक्त सहाच्या घरात. सिकलसेलची तपासणी कुठेच नाही. "तेव्हा ती सगळीकडे होत नव्हती," त्या म्हणाल्या. "मावशी, सोळा वर्षांनी एका कागदावरून मी खात्रीनं सांगू शकत नाई. पण डिंपलचं रक्त खुशबूसारखंच असावं, असं वाटते. पोट त्यानेच दुखत असेल, किंवा अपेंडिक्स बी असेल. अंगात पाणी नाही, रक्त नाही, ताप, जानेवारीची थंडी. त्यात भूल."

"म्हंजे भुलीनं नाई मेली?"

"एकट्या भुलीनं नाही."

आई पदराचं टोक गुंडाळू लागली. मग जे बोलली ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "पानी मांगून राह्यली होती. त्यायनं सांगतलं, पानी देऊ नका. दीड दिवस मांगे. मी नाई देल्लं. ओठ फुटले होते तिचे. मी नाई देल्लं."

बाबा उठून खिडकीपाशी गेले. बाहेर सायकल स्टँड होता फक्त. तिथे इतकं काय बघत होते कोण जाणे.

डॉक्टरांनी आईचा हात धरला. "तुमाले सांगतलं ते तुमी केलं. पोट भरलेलं असेल तर भुलीत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून उपाशी ठेवतात. पण साधं पाणी पोटातून लवकर निघून जाते. खुशबूले रात्रीपासून सलाईन राहील, आणि ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत मी तिले पाणी देणार. मी कायले, तुमीच द्या. तुमच्या हातानं."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "कोनती तारीख देतात इचार."

६ डिसेंबर

विहारात अभिवादनाला गेलो. परतताना आई समोर भेटणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती, "दहा तारखेले खुशबूचं ऑपरेशन आहे." सोळा वर्षं तोंडातून ब्र न काढलेली बाई! मला लाज वाटली. पित्ताशयाची एवढी जाहिरात कशाला?

८ डिसेंबर

भरती. दाराकडची खाट. रक्त आठच्या खाली आहे, ऑपरेशनआधी ते दहापर्यंत न्यायचं म्हणून दोन पिशव्या लागतील. सिकलसेलच्या माणसाला नीट जुळवलेलं रक्तच द्यावं लागतं. रक्तपेढीत चौकशी चालू आहे. बाबांचं वय बसत नाही, आई स्वतः अशक्त.

नखांचा रंग पुसला. बोटाला लावायचा चिमटा नखातून प्राणवायू वाचतो, रंग असला की गडबडतो. मी परवाच लावला होता, ऑपरेशनला जाताना बरं दिसावं म्हणून. मूर्ख आहे मी.

९ डिसेंबर

दोन्ही पिशव्या चढल्या. हातपाय गरम वाटतात.

दुपारी प्रफुल आला. मोटरसायकलचा कुठला तरी भाग गडचिरोलीतच मिळतो म्हणून आलो होतो, म्हणाला. ऑफिसचा सगळा हिशोब तोंडपाठ सांगितला, बंगाली गावातल्या मास्तरांचं रजिस्टर टपाल पोचलं, तराजू पुन्हा अडकतो. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस आणि चिकटपट्टी. विचारलं, पडलास का? म्हणाला, हो, थोडं खरचटलं. तिथे खरचटतं कसं? गाडी नीट चालवत जा म्हटलं. हो मॅडम, म्हणाला, आणि पोह्यांचा डबा आईकडे देऊन गेला. आईने त्याला फाटकापर्यंत सोडलं. इतका वेळ काय बोलत होती, विचारलं तर म्हणाली, "काई नाई. चांगला पोरगा आहे."

भीती वाटते. लिहून टाकते म्हणजे आतून निघेल. मला मरायची तेवढी नाही वाटत. मी उठले नाही तर आईचं काय होईल, याची वाटते.

१० डिसेंबर, सकाळ

साडेपाचला आईने उठवलं आणि पाणी दिलं. सहाला पुन्हा. पावणेसातला पुन्हा, पेला ओठांशी धरून, लहान मुलाला देतात तसं. मी म्हटलं, मी धरते ना. तिने ऐकलं नाही. पेला हलला, थोडं माझ्या अंगावर सांडलं. थंडी फार आहे इथे. तिने शाल आणायला हवी होती.

बोलावलं. वही आईकडे देते.

१२ डिसेंबर

उठले!

उठले, उठले, उठले. परवाचं सगळं आता लिहिते. अक्षर वाकडं येईल, एका हाताला सुई आहे.

आत नेताना वाटलं होतं गारठून जाईन. पण डॉ. भानारकरांनी ए.सी. बंद करवला होता, खाली गरम गादी होती आणि सलाईनसुद्धा कोमट करून लावली. एक सिस्टर म्हणाली, मॅडम, आम्हाला घाम सुटला. त्या म्हणाल्या, सुटू दे.

छातीला तीन चिकट्या, दंडाला पट्टा, बोटाला चिमटा. माझं हृदय टिंग टिंग ऐकू येऊ लागलं, भलतंच जोरात. त्यांनी तोंडावर मास्क धरला. नुसता प्राणवायू आहे, भरभरून श्वास घे. प्लास्टिकचा वास. मग हातात एक औषध गेलं आणि डोकं हलकं झालं, पाळण्यात बसल्यासारखं. "आता पांढरं औषध. हातात थोडं झोंबेल. पोस्टाचा पिनकोड सांग."

झोंबलं. चार, म्हटलं. चार. दोन.

पुढचा आकडा म्हणायच्या आधी कोणीतरी म्हणालं, "खुशबू, डोळे उघड." मी उघडले. घशात काटे. वरचा दिवा वेगळा होता. मी विचारलं, "सुरू करताय ना?"

"झालं," डॉ. भानारकर म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "सव्वा तास झाला. सगळं झालं. मी इथेच होते."

मधला सव्वा तास नाहीच. झोपेतून उठल्यावर वेळ गेल्यासारखी तरी वाटते. इथे कापडाचा तुकडा कापून दोन टोकं शिवून टाकल्यासारखं. स्वप्न नाही, अंधार नाही, काही नाही.

मग थंडी वाजली, दात वाजू लागले, त्यांनी गरम ब्लँकेटं घातली. मळमळलं, त्यावर औषध दिलं. पोटापेक्षा खांदा दुखत होता. पोट फुगवायला जो वायू भरतात त्याने असं होतं, दोन दिवसांत जातं, म्हणे. हे सगळं त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. जे सांगितलं होतं ते एकेक करून येत गेलं, टाइमटेबल लावल्यासारखं.

आईला एक मिनिट आत सोडलं. ती डॉ. भानारकरांसमोर हात जोडून उभी राहिली. त्यांनी ते हात धरून खाली केले.

बाबा म्हणे सकाळी सात ते अकरा दवाखान्याला फेऱ्या मारत होते. वॉचमनने शेवटी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

१३ डिसेंबर

आनंद जरा लवकर लिहिला. काल संध्याकाळी ताप आला, छातीत दुखू लागलं, बोटावरचा आकडा एक्क्याण्णव. सिकलसेलच्या लोकांना ऑपरेशननंतर छातीचा त्रास होऊ शकतो, हेही आधी सांगितलेलं. फोटो काढला, प्राणवायू लावला, औषध सुरू केलं. डॉ. भानारकरांची ड्यूटी संपली होती, तरी आल्या.

त्यांनी मला तीन चेंडूंची प्लास्टिकची पेटी दिली. नळीतून श्वास आत ओढायचा, चेंडू वर चढतात. दर तासाला दहा वेळा. दुखण्याने मी एकही चेंडू हलवू शकले नाही आणि रडले. म्हटलं, नंतर करू.

आई म्हणाली, "आत्ता."

"दुखते, आई."

"दुखू दे. वढ!"

मी तिला दुष्ट म्हटलं. तिने ऐकूनही घेतलं नाही. दर तासाला पेटी तोंडाशी. पहिला चेंडू दुपारी उठला. दुसरा चार वाजता. आई प्रत्येक वेळी बोटांवर दहा मोजत होती, नऊला सोडू देत नव्हती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी आणि समोरची बाई दोघी मोजायला लागल्या.

१४ डिसेंबर

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तिन्ही चेंडू वर!

अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. आकडा सत्त्याण्णव. ताप नाही. सिस्टर ओरडली, हे काय चाललंय? बघितलं आणि तीही हसली. समोरच्या बाईने परवा ऑपरेशन झाल्यापासून पेटी उशाखाली लपवली होती. आई तिच्याकडे गेली आणि पेटी बाहेर काढली. "तुझी पारी," म्हणाली.

१६ डिसेंबर

घरी. निघताना डॉ. भानारकरांनी एक कार्ड दिलं. सिकलसेल आहे, कोणती भूल दिली, नळी सहज गेली, काय जपायचं, सगळं त्यावर आहे. पुढे कधी कुठेही भूल द्यायची वेळ आली तर हे आधी दाखव, म्हणाल्या. मला सिकलसेल आहेच आणि राहणारही, हाडं ठणकतील, गोळ्या चालू राहतील. पण ती मूठ गेली.

सात खडे बाटलीत दिले आहेत, काळे, मिरीएवढे. आई कोणी आलं की बाटली दाखवते.

आईने आज डिंपलचा फोटो भिंतीवर लावला. मला खिळा धरायला लावलं. निळी रिबन फोटोला बांधली. बाबांनी बघितलं आणि लगेच मळणीवर गेले. मळणी आठ दिवसांपूर्वीच संपली आहे.

५ जानेवारी

कामावर रुजू. प्रफुलने तराजू दुरुस्त केला, काउंटरचा ओरखडा घासून काढला, माझ्या खुर्चीला नवी उशी. मी म्हटलं, माझ्याशिवाय ऑफिस जास्तच छान चाललं की! तो म्हणाला, "नाई मॅडम. अजिबात नाई." इतकं गंभीरपणे कशाला बोलायचं? मी गंमत करत होते.

वांग्याची भाजी खाल्ली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतली.

१० जानेवारी

पलीकडच्या वस्तीतली, टोल्यावरची रुखमाबाई आली. तिच्या रिंकूला, वय बारा, तेच निघालंय, सिकलसेल आणि खडे. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, आणि रुखमाबाई नाही म्हणते. भुलीचं तिने कुठे कुठे काय काय ऐकलंय.

मी कार्ड काढलं, समजावायला लागले. मेंदूचे भाग, टपाल, सगळं. आईने मला हाताने गप्प केलं.

"रुखमे," म्हणाली, "तुले भेव वाटते ते बरोबर आहे. माझी एक गेली, एक परत आली. दोनी मी पाह्यल्या. काय काय इचारायचं ते मले मालूम आहे. मी येतो तुह्यासंगं."

२२ जानेवारी

आई काल पहाटेच्या बसने रिंकूच्या ऑपरेशनला रुखमाबाईबरोबर गडचिरोलीला गेली. चार दिवसांसाठी. मला एकटं सोडून ती एक रात्रही कुठे गेली नव्हती. बाबाही आत्याकडे आहेत. जाताना मला भात किती लावायचा, गोळी कधी घ्यायची, सगळं सांगेल असं वाटलं होतं. म्हणाली, "तू पाहून घे," आणि बसमध्ये चढली.

मी पाहून घेतलं. स्वयंपाक केला, गोळी घेतली, एकटी गाढ झोपले.

आज साडेबाराला फोन आला तेव्हा काउंटरवर गर्दी होती. गुणवंतराव पासबुक घेऊन उभे होते, मागे दोन बाया. फोन कानाला लावायची गरजच पडली नाही.

"उठली!" आई ओरडत होती. "रिंकू उठली! उठल्या उठल्या पानी मांगतलं, रुखमीनं चमच्यानं देल्लं, डॉक्टरीन म्याडमनं सांगतलं द्या म्हणून!" मागे रुखमाबाईचा हसण्याचा की रडण्याचा आवाज.

गुणवंतरावांनी पासबुक खाली ठेवलं आणि विचारलं, "कोन उठली बाप्पा?"

प्रफुलने सगळ्यांना सांगितलं, अगदी सुरुवातीपासून. कोमट सलाईन, पांढरं औषध, पिनकोडपर्यंत. मी त्याला एवढं कधी सांगितलं होतं, आठवत नाही. बाया ऐकत उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, सिकलसेलची तपासणी कुठे होते? दुसरीने विचारलं, लहान लेकराचीही होते का? मी दोघींना मुलचेऱ्याच्या दवाखान्याचा वार आणि वेळ लिहून दिली.

आईला विचारलं, रविवारी येशील ना?

"कायची येतो," म्हणाली. "बाजूच्या खाटेवरच्या पोरीचं उद्या ऑपरेशन आहे. तिची माय एकलीच आहे."